मोरचेल आणि मुतखडा

श्रावण शुद्ध ३, शके १८६०
शिंदे की छावनी, लश्कर

आजपासून ही वही. हुकूम लक्ष्मीकांत वैद्यांचा. परवा नाडी पाहून ते म्हणाले, "महिपतराव, दिवसातून किती वेळा उठावं लागतं ते रोजच्या रोज लिहून ठेवत जा." कशासाठी उठावे लागते तेही त्यांनी चारचौघांत नाव घेऊन सांगितले. ते नाव मी इथे लिहिणार नाही. आमच्या घराण्यात चार पिढ्यांचे कागद आहेत. त्यांत वेढे आहेत, खून आहेत, एक विषप्रयोगही आहे, पण हा शब्द नाही. मी त्या कामाला 'मोहीम' म्हणेन. शिवाय वही मोडीत लिहितो आहे, म्हणजे घरात कुणाला वाचता यायची नाही. बाईसाहेबांचे वडील दफ्तरात होते खरे, पण मुलींना मोडी कोण शिकवतो?

आजच्या मोहिमा चौदा. त्यांतल्या फत्ते झालेल्या पाच. बाकी नऊ वेळा नुसता उभा राहून परत आलो.

श्रावण शुद्ध ५

वही आहेच तर खरी काळजीही लिहून टाकतो. दसऱ्याच्या दरबारात सरकारच्या गादीमागे उजव्या हाताला मोरचेल घेऊन उभे राहायचा मान आमचा. डाव्या हाताला ढाल घेऊन उभे राहायचा मान माझा चुलतभाऊ संभाजीराव याच्या घरचा. आमचे पणजोबा सख्खे भाऊ. थोरल्याला मोरचेल मिळाले, धाकट्याला ढाल. मोरचेल मोठे की ढाल मोठी यावर दोन्ही घरांत सत्तर वर्षे वाद चालला आहे. मोरचेल मोठे आहे.

सरकार गादीवर आहेत तोवर कुणी जागा सोडायची नाही. नजराणे चार-चार तास चालतात. जो उभ्या जागेवरून पडला त्याची जागा गेली. पुढच्या वर्षापासून तो मागे बिछायतीवर बसतो. मी तरुण असताना एका म्हाताऱ्या सरदारांना भोवळ आली होती. पडलेल्याला बाहेर न्यायचे काम दरबारात हजर असलेल्या मानकऱ्यांतल्या सर्वांत जवळच्या रक्ताच्या माणसाचे, म्हणून त्यांच्या पुतण्याने नेले. पुढच्या दसऱ्याला ते मागे बसलेले दिसले आणि होळीच्या आत गेले.

मला मुलगा नाही. तिन्ही मुली सासरी सुखात आहेत. माझ्यामागे मोरचेल संभाजीच्या घरी, त्याच्या सूर्याजीच्या हातात जाणार हे ठरलेले आहे. पण माझ्यामागे. वय एकसष्ट, पाय भक्कम, नजर साफ. फक्त ही मोहिमेची भानगड. दर पाऊण तासाला उठणारा माणूस चार तास गादीमागे कसा उभा राहणार? आणि हे संभाजीला कळले तर तो ढाल ठेवून मोरचेलालाच हात घालील. दसऱ्याला दोन महिने पाच दिवस आहेत.

मोहिमा पंधरा, फत्ते चार.

श्रावण शुद्ध ९

वैद्यांना आकडे दाखवले. ते म्हणाले, "पाणी भरपूर प्या, जवाचं पाणी प्या, आणि उशीर न करता कंपू भागातल्या इस्पितळात दाखवून या. हे माझ्या चूर्णाचं काम नाही." वैद्यबुवा फार घाबरट झाले आहेत. स्वतःच्या औषधावर ज्याचा विश्वास नाही तो वैद्य कसला.

मी स्वतः विचार केला. जे पाणी आत गेलेच नाही ते बाहेर कुठून येणार? इतकी साधी गोष्ट पदवीवाल्यांना सुचत नाही. उद्यापासून दिवसाला दोन पेले, बस्स.

श्रावण वद्य २

उपाय लागू पडला! मोहिमा नऊवर आल्या. रंग जरा गडद आहे आणि शेवटी शेवटी टोकाशी आग होते, पण ती उष्णता. बाहेर आठवडाभर पाऊस आहे हे खरे, तरी उष्णता असू शकते.

आजपासून दरबाराची तालीमही सुरू केली. चौकात खुर्ची मांडून बद्रीला सरकारच्या जागी बसवले आणि मागे मोरचेल घेऊन उभा राहिलो. बद्री आमच्याकडे तीस वर्षे आहे, पण बसायला तयार होईना. "हुजूर, पाप लगेगा." पाप मी घेतो म्हटल्यावर खुर्चीच्या कडेला टेकला. एक तास टिकलो.

श्रावण वद्य ८

तालीम दीड तास. बद्री आता खुर्चीत मागे रेलून बसतो. आज त्याने मधेच पान मागितले.

एक शोध लागला आहे, तो नीट लिहून ठेवतो. मोहीम चालू असताना एकाएकी नळ बंद केल्यासारखे सगळे थांबते. जोर केला की कळ येते. पण डावीकडे झुकले, किंवा डाव्या कुशीवर पाच मिनिटे पडून उठले, की पुन्हा सुरू. हे कुठल्याही वैद्याने सांगितलेले नाही, माझे मी शोधले. हे ज्ञान माझ्याबरोबर जाऊ नये असे वाटते, पण सांगायचे कुणाला?

श्रावण वद्य १२

आमच्या बाईसाहेब, म्हणजे राजलक्ष्मीबाई, हल्ली फार देवभोळ्या झाल्या आहेत. दर मंगळवारी मांढरेच्या मातेच्या देवळात जातात आणि दोन दोन तास येत नाहीत. संभाजीच्या सुधाताईही मंगळवारीच येतात असे बद्री म्हणाला. दोघी एकमेकींकडे पाठ करून बसत असणार. चौदा वर्षांपूर्वी आमच्या थोरलीच्या वरातीत संभाजीचा घोडा माझ्या घोड्याच्या अर्धी लांबी पुढे गेला. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणे नाही, आणि बाईसाहेब शब्दाला पक्क्या आहेत.

भाद्रपद शुद्ध ६

गणपतीच्या गडबडीत लिहिणे राहिले. आज संभाजीकडून माणूस आला. टोपलीभर जव. चिठ्ठी नाही, निरोप नाही.

मी समजायचे ते समजलो. जव घोड्याला घालतात. चौदा वर्षांनी त्याने वरातीच्या घोड्याची आठवण करून दिली! बाईसाहेबांना म्हटले, "हे आत्ताच्या आत्ता कोपऱ्यावरच्या टांगेवाल्याला देऊन टाका, त्याच्या घोड्याला घालू दे." त्या म्हणाल्या, "बरं, मी पोचवून देते," आणि टोपली स्वतः आत घेऊन गेल्या. एवढा अपमान त्यांनी शांतपणे गिळला. मानी घराण्यातली बाई.

भाद्रपद शुद्ध १३

बाईसाहेब रोज सकाळी मातेचे तीर्थ म्हणून एक पांढरट, बेचव पाणी देतात. चांगला तांब्याभर असते. तीर्थाला नाही म्हणता येत नाही, आणि तीर्थ पाण्यात धरायचे कारण नाही. आग बरीच कमी आहे. पाणी तोडल्याचा गुण आता कुठे दिसू लागला.

टांगेवाल्याचा घोडा मात्र आहे तसाच वाळलेला. टोपलीभर जव खाऊन माणूससुद्धा सुधारला असता.

भाद्रपद वद्य ४

सराफ्यात संभाजी दिसला. पाणपोईवर उभा राहून तीन तांबे पाणी एका दमात प्यायला, मिशा पुसल्या आणि ताठ चालत गेला. माझ्याकडे पाहून पाणी पिण्यात काय मोठेपणा? दोन वर्षांपूर्वी हाच माणूस काठी टेकत हिंडायचा. मग तीन महिने काशीला गेला. काशीहून येताना ना गंगा आणली ना प्रसाद. वाटला तो मुंबईचा हलवा. गेल्या हिवाळ्यात पुन्हा दीड महिना उज्जैनला गेला म्हणतात. तीर्थयात्रेने माणूस इतका सुधारतो हे पाहून एकदा वाटले, आपणही जावे. पण ते दसऱ्यानंतर.

मोहिमा सोळा. वाढल्या आहेत. फत्ते तीन. पाणी आणखी कमी करावे लागेल.

भाद्रपद वद्य ११

आज एक रंग दिसला तो गेरूचा होता. मी घाबरलो, हे इथे लिहायला हरकत नाही. मग आठवले की काल पान जास्त झाले होते.

तालीम अडीच तास. बद्री खुर्चीत घोरत होता. त्याला हलवले तर डोळे न उघडता म्हणाला, "अभी दरबार बरखास्त नहीं हुआ." माणसाला जागा मिळाली की लगेच चढते.

आश्विन शुद्ध २

जे भ्यालो तेच झाले. दाराखालून चिठ्ठी आली. अक्षर संभाजीचे. "पाळंदे डॉक्टर, कंपू. सकाळी आठला भेटतात. दसऱ्याआधी जावे. वेळ दवडू नये."

त्याला कळले आहे. कसे, ते देव जाणे. बद्री असा नाही आणि वही मोडीत आहे. आणि 'दसऱ्याआधी' म्हणजे काय ते स्पष्टच आहे. दसऱ्याला मी खाटेवर आणि मोरचेल सूर्याजीच्या हातात. केवढी सरळ चाल! मी चिठ्ठी फाडणार होतो, पण पुरावा म्हणून वहीत ठेवली.

आश्विन शुद्ध ८

चार दिवस झोप नाही, बसता येत नाही, चालताना आत काहीतरी टोचते. मोहिमा बावीस. फत्ते एकसुद्धा धड नाही, थेंब थेंब.

दुपारी बाईसाहेब जवळ येऊन बसल्या. चाळीस वर्षांत त्या माझ्याशी इतक्या सरळ बोलल्या नव्हत्या. "मला सगळं दिसतं," म्हणाल्या. "आपण रात्री भिंतीला डोकं टेकून उभे राहता, मी जागी असते. मला मोरचेल नको. मला आपण पाहिजेत. उद्या सकाळी कंपूत जाऊन येऊ. मी टांगा सांगून देते."

माझे डोळे भरून आले. मी त्यांचा हात धरला आणि म्हटले, "दसरा होऊन जाऊ द्या. दोनच दिवस आहेत. एकादशीला सकाळी आपण न्याल तिथे येतो." त्यांनी हात सोडवून घेतला आणि पदर डोक्यावर घेऊन बाहेर गेल्या. आज मंगळवार नाही, तरी मातेला जाऊन आल्या.

आश्विन शुद्ध ९

उद्या दरबार. सकाळपासून घोटभरही पाणी घेतले नाही. तीर्थसुद्धा आज डोळ्याला लावून परत केले. मोरचेलाची चांदीची मूठ स्वतः घासली.

आश्विन शुद्ध १५
कंपू, इस्पितळ

पेन्सिलने लिहितो आहे. जे घडले ते क्रमाने.

दरबाराला मी वेळेवर जागेवर होतो. पहिला दीड तास उत्तम गेला. पुढे पोट दगडासारखे झाले. खरे तर जायची इच्छाही अशी नव्हती, फक्त कळ, आणि ती थांबेना. नजराणे अर्धेही झाले नव्हते. मला गादीची झालर दोन दोन दिसू लागली. माझा शोध आठवून मी किंचित डावीकडे झुकलो, काही उपयोग झाला नाही. मनात म्हटले, महिपतराव, आता पडणार तुम्ही, सरकारच्या पाठीवर मोरचेलासकट.

तेवढ्यात डावीकडे धाडकन आवाज झाला. ढाल पडली, आणि ढालीमागोमाग संभाजी! सरळ आडवा.  पडल्या पडल्या तो मोठ्याने म्हणाला, "दादा, मला धरा!"

मानकऱ्यांत जवळचे रक्त माझे; सूर्याजी अजून मानकरी नाही. रिवाजच आहे. मागच्या ओळीतून सूर्याजी पुढे आला, त्याच्या हातात मोरचेल दिले, सरकारला मुजरा केला आणि संभाजीला बगलेत धरून बाहेर काढले. तो किती जड लागेल या धास्तीत होतो, पण तो फार हलका लागला; एकदोनदा तर तोच मला ओढतो आहे असे वाटले. शत्रू असला तरी भाऊ. माझ्या स्वतःच्या वेदना विसरून मी त्याचे प्राण वाचवले याचे मला समाधान आहे.

बाहेर टांगा उभाच होता, नशीब. त्यात बाईसाहेब आणि सुधाताई शेजारी शेजारी बसलेल्या होत्या. दसऱ्याची गर्दी पाहायला आल्या असाव्यात. संभाजीला कंपूत पोचवायला म्हणून मीही बसलो. इस्पितळात मात्र काही घोटाळा झाला. त्याच्याऐवजी मलाच टेबलावर घेतले.

डॉक्टर मधुसूदन पाळंदे माणूस तरुण, पण हात हलका. आधी नळीने पाणी काढले. त्या क्षणी मला जो आराम पडला तसा उभ्या जन्मात पडला नव्हता. मी त्यांना आशीर्वाद दिला आणि लहान मुलासारखा रडलो. मग त्यांनी वाकडी लोखंडी सळई आत फिरवली. टक् असा आवाज आला. मी पण ऐकला. डॉक्टर म्हणाले, "ऐकलंत? खडा." मग त्यांनी विचारले, "रोजच्या मोहिमा किती होत होत्या?" मी म्हटले, बावीस. सरकारी डॉक्टरांतही हाच शब्द चालतो असे दिसते.

द्वादशीला कमरेत सुई देऊन बेंबीखालून पिशवी उघडली. तीन खडे निघाले. एक आवळ्याएवढा, दोन बोराएवढे. बाटलीत घालून खाटेशी ठेवले आहेत. आता पोटातून एक नळी शिशीत जाते. मोहीम माझ्यावाचूनच चालते.

आश्विन वद्य ४

डॉक्टर खाटेवर बसून समजावून गेले. म्हणाले, "खडे निघाले, पण खडे हे मूळ नव्हे. पिशवीच्या तोंडाशी प्रत्येक पुरुषाला एक गाठ असते. उतारवयात ती फुगते आणि वाट अडवते. मग पिशवी पुरती रिकामी होत नाही. तळाशी जे राहतं," इथे त्यांनी तो शब्द वापरला, "ते शिळं होतं, त्यातले क्षार खाली बसतात आणि त्यांचे खडे होतात. वर तुम्ही पाणी तोडलंत, म्हणजे खड्यांना खतच घातलंत. आता जखम थोडी भरली की दुसऱ्यांदा उघडून गाठ काढायची. ती ठेवली तर पुन्हा खडे."

मी नाही म्हटले. खडा परका होता, त्याला काढला, ठीक. गाठ घरची आहे. एकसष्ट वर्षे बरोबर आहे. शिवाय माणसाने एका वर्षात किती वेळा उघडायचे? डॉक्टर म्हणाले, विचार करा.

आश्विन वद्य ७

संभाजी आज व्हरांड्यातून जाताना दिसला. एकदम ठणठणीत. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याला काहीच झाले नव्हते! भोवळ खोटी होती. कशासाठी? मोरचेल सूर्याजीच्या हाती पडावे म्हणून! तासभर का होईना, हात लागला की हक्क लागला. आणि मी त्याचे प्राण वाचवत होतो.

बाईसाहेबांना हे सांगितले. त्या मोसंबे सोलत होत्या. म्हणाल्या, "मोरचेल तर सूर्याजी दुसऱ्याच दिवशी सकाळी येऊन देऊन गेला. रेशमी कापडात गुंडाळून, माझ्या पायाला हात लावून." मग ही कसली चाल? मी दुपारभर विचार केला, हिशेब लागत नाही.

आश्विन वद्य १०

सकाळी संभाजी सरळ आत आला आणि स्टूल ओढून बसला. चौदा वर्षांनी. मी भिंतीकडे तोंड केले; नळीमुळे त्याहून जास्त वळता येत नाही.

"दादा," तो म्हणाला, "डॉक्टर म्हणतात, आपण गाठ काढू देत नाही."

"माझी गाठ, माझी मर्जी."

"मी पण असंच म्हटलं होतं. खडे काढून द्या, बाकी राहू द्या."

मी वळलो. तो हळू आवाजात सांगू लागला. काशी म्हणून तो मुंबईला गेला होता. खडे काढले, गाठ ठेवली. वर्षभरात पुन्हा तेच, पुन्हा टोचणी, पुन्हा गेरू. मग उज्जैन म्हणून दीड महिना इथेच होता, याच वार्डात, खिडकीजवळच्या खाटेवर. तेव्हा पाळंद्यांनी गाठ काढली. "तेव्हापासून पाणी पितो तर जातं. इतकंच सुख आहे, दादा, पण ते गेल्यावर कळतं. मी दोनदा मेलो, आपण एकदाच मरून घ्या. आता थांबू नका."

"हे कुणाला माहीत आहे?"

"सुधाला. आणि आता आपल्याला. ढालीचा माणूस असल्या गोष्टी सांगत फिरतो होय?"

 शेवटी मी विचारले, "आणि दसऱ्याची भोवळ?"

तो खिडकीबाहेर बघू लागला. "ढाल जड असते. वय झालं."

"संभाजी."

"आपण डावीकडे झुकलात," तो म्हणाला. "लोकांना वाटलं असेल अदब. मला कळलं. मी पण डावीकडेच झुकायचो."

एवढे बोलून तो उठला. दारापाशी बाईसाहेब त्याच्यासाठी चहा घेऊन उभ्या होत्या, त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मी डॉक्टरांना निरोप पाठवला की गाठ काढा.

शोध माझा एकट्याचा नव्हता, याचे वाईट वाटत नाही. दिवसभर एकच गोष्ट मनात घोळते आहे. तो पडला नसता तर मी पडलो असतो. मी पडलो असतो तर ढाल आणि मोरचेल दोन्ही त्याच्या घरी होते. त्याला नुसते उभे राहायचे होते.

कार्तिक शुद्ध १२

दिवाळी इथेच झाली. मुली येऊन गेल्या. दुसरी वेळ पहिलीपेक्षा अवघड गेली, दोन दिवस काही आठवत नाही. आज नळ्या काढल्या आणि डॉक्टर म्हणाले, स्वतः जाऊन या.

गेलो. सरळ उभा राहिलो, डावीकडे न झुकता. एकच मोहीम, फत्ते. परत येऊन तांब्याभर पाणी प्यायलो आणि पुन्हा गेलो, नुसत्या हौसेने.

मार्गशीर्ष शुद्ध ४
शिंदे की छावनी

घरी येऊन दहा दिवस झाले. बद्री खुर्चीवर बसलेला होता, मला पाहून उठला, पण जरा उशिरा.

दरबार दफ्तराची नवी यादी आज बाहेर लागली. सूर्याजी पाहून आला. मोरचेल : महिपतराव. भाऊ आजारी पडला म्हणून रिवाजाप्रमाणे त्याला बाहेर नेले, त्याबद्दल मला शाबासकीचा शेरासुद्धा आहे. ढाल : दुसऱ्याच एका घराण्याकडे. संभाजीराव : मागची बिछायत. त्याच्या मागे सूर्याजीही बिछायतच; पडलेल्याच्या घरात माझ्यामागे मोरचेलही जायचे नाही.

संभाजीला काय वाटले म्हणून मी विचारले. सूर्याजी म्हणाला, "बाबा म्हणतात, बसायला बरं, पाय दुखत नाहीत." एवढे सांगून तो चहा न घेताच गेला.

मार्गशीर्ष शुद्ध ५

सकाळी स्नान करून, पागोटे बांधून बसलो आणि अर्ज लिहिला. चार वेळा फाडला. 'प्रकृतीच्या कारणाने' असे लिहिले की दफ्तरवाले म्हणतील, कुणाच्या प्रकृतीच्या? 'उदरव्याधी' म्हटले तर म्हणतील, दसऱ्याच्या जेवणाने. आडून लिहिलेले कागद दफ्तरात कसे वाचले जातात ते मी जन्मभर पाहिले आहे. पाचव्यांदा सरळ लिहिला. नक्कल इथे ठेवतो.

"अर्ज करतो ऐसा जे, गेल्या विजयादशमीच्या दरबारात ढालीचे मानकरी संभाजीराव यांस भोवळ आली अशी नोंद झाली आहे, ती खोटी आहे. त्या दिवशी माझी लघवी बंद झाली होती. वाटेत गाठ होती व तिच्यापायी आत तीन खडे झाले होते. मी जागेवर पडत होतो. ते ओळखून संभाजीरावांनी भोवळीचे निमित्त केले व मला बाहेर काढले. जागा जायची तर माझी जावी. मोरचेल सोबत जमा करत आहे. खडे पुराव्यादाखल हवे असल्यास हजर करीन."

दफ्तरात रमाकांतपंतांच्या समोर अर्ज आणि मोरचेल ठेवले. पंत वीस वर्षे दरबाराच्या याद्या लिहितात. त्यांनी अर्ज वाचला. पुन्हा वाचला. चष्मा काढला. मी ताठ उभा होतो, कान तापले होते आणि ते हसण्याची वाट पाहत होतो. पंत उठले, दार लावले, परत येऊन बसले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "महिपतराव, हे खडे काढले ते डॉक्टर सकाळी किती वाजता भेटतात?"

"आठला. आणि पंत, पाणी तोडू नका."

"मी तर महिन्यापासून तोडलंय," ते म्हणाले. मग त्यांनी अर्जावर काहीतरी लिहिले, मोरचेल माझ्याकडे परत सरकवले आणि म्हणाले, "हा कागद मी स्वतः वर घेऊन जातो. असलं खरं दफ्तरात वीस वर्षांत आलेलं नाही. ढालीचं बघतो मी."

येताना टांगा संभाजीच्या दारात थांबवला. आत गेलो नाही. तोच बाहेर आला. अर्जाची नक्कल त्याला वाचायला दिली. त्याने वाचली, लालबुंद झाला, म्हणाला, "दादा, हे दफ्तरात दिलंत? सरकार वाचतील!" मी म्हटले, वाचू देत. मग त्याने कागद घडी करून डोळ्यांना लावला, आणि आम्ही दोघे त्याच्या ओट्यावर बसून तांब्या तांब्या पाणी प्यायलो.

घरी येऊन बाईसाहेबांना सगळे सांगितले. त्या ऐकत होत्या, हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मग म्हणाल्या, "आणि शब्द काय लिहिलात? मोहीम?"

"नाही," मी म्हटले. "सरळ लिहिला."

त्यांना हा शब्द कुठून कळला ते विचारायचे राहून गेले. उद्या मंगळवार. मातेला जाऊन आल्या की विचारीन.